तीन गोळ्यांचा पुरावा

माझ्या थीसिसच्या तिसऱ्या प्रकरणात 'ग्रब्ज टेस्ट' हे शब्द अकरा वेळा येतात. आउटलायर, म्हणजे बाकीच्यांपासून फटकून पडलेलं एखादं रीडिंग, ठेवायचं की टाकायचं हे ठरवणारी ही जुनी कसोटी. चार वर्षं मी ती वापरतेय. मध्यंतरी मॅडमनी सहज विचारलं, "अगं, हा ग्रब्ज मुळात करायचा काय?" आणि मी गप्प. घरी येऊन शोधलं. फ्रँक ग्रब्ज हा अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात, अ‍ॅबरडीनच्या लष्करी चाचणी केंद्रातल्या बॅलिस्टिक प्रयोगशाळेत संख्याशास्त्रज्ञ होता. तोफा, क्षेपणास्त्रं आणि रायफली. १९६४ साली त्यानं नेमबाज आणि क्षेपणास्त्र इंजिनिअर अशा दोघांसाठी मिळून नेमकेपणाच्या मापांवर एक छोटं पुस्तक लिहिलं. म्हणजे हवेतले धूलिकण मोजताना मी जे हत्यार वापरते, त्याच्यामागे एक माणूस कागदावरची गोळ्यांची भोकं मोजत बसला होता.

तिथून पुढे मी जिथे जायला नको होतं तिथे गेले. थीसिस बाजूला ठेवून अमेरिकी लष्कराचं रायफल नेमबाजीचं मॅन्युअल वाचायला घेतलं. एफएम ३-२२.९, २००८ ची आवृत्ती, एम-१६ आणि एम-४ या रायफलींसाठी. त्यातल्या झीरोइंगच्या प्रकरणाचं आज परीक्षण करणार आहे. तुम्ही कधी रायफल हातात धरली नसेल तरी हरकत नाही. वजनकाटा, थर्मामीटर किंवा बीपीचं मशीन वापरलं असेल तर प्रश्न तुमच्या ओळखीचाच निघेल.

आधी झीरोइंग म्हणजे काय ते बघू. आयर्न साइट्स म्हणजे दुर्बीण किंवा भिंग नसलेली साधी नेम धरायची सोय. डोळ्याजवळ एक बारीक भोक (रिअर साइट), नळीच्या टोकाजवळ एक उभी खुंटी (फ्रंट साइट). भोकातून बघायचं, खुंटीचं टोक भोकाच्या मधोमध आणायचं आणि ते टोक लक्ष्यावर ठेवायचं. आमच्या एनसीसीच्या कॅम्पमधले उस्ताद खुंटीला 'फोरसाइट टिप' म्हणायचे आणि ती टिप धूसर दिसली तर पाठीत धपाटा घालायचे. डोळा, भोक, टिप आणि लक्ष्य एका रेषेत आले की झाली नजरेची रेषा. पण गोळी या रेषेतून जात नाही. ती नळीतून जाते, आणि एम-१६ ची नळी नजरेच्या रेषेच्या सहा-साडेसहा सेंटीमीटर खाली असते. शिवाय नळीतून सुटल्या क्षणापासून गोळी गुरुत्वाकर्षणानं खाली यायला लागते. म्हणून नजरेची रेषा आणि नळी यांच्यात मुद्दाम थोडा कोन ठेवावा लागतो. नळी किंचित वर बघते. गोळी खालून येते, नजरेची रेषा छेदून वर जाते, पुढे परत खाली येताना ती दुसऱ्यांदा छेदते. हा कोन नेमका किती हे प्रत्येक रायफलीत आणि प्रत्येक माणसाच्या हातात जरासं वेगळं असतं. तो जुळवणं म्हणजे झीरोइंग.

आता यातली गंमत. एम-१६ए२ मध्ये भोक आणि खुंटी यांच्यात साधारण ५० सेंटीमीटर अंतर आहे. २५ मीटरवरच्या कागदावर गोळी ०.९ सेंटीमीटर हलवायची असेल तर खुंटी किती हलवावी लागेल? समरूप त्रिकोण, नववीचं गणित. ५० सेंटीमीटर हा २५ मीटरचा पन्नासावा भाग, म्हणजे खुंटी ०.९ च्या पन्नासाव्या भागाएवढी, जेमतेम ०.१८ मिलिमीटर हलवायची. दोन कागदांच्या जाडीएवढी. हे काम सैनिक बुलेटच्या टोकानं, मातीत पालथं पडून, घाम पुसत करतो. त्यासाठी खुंटीला आट्यांचा स्क्रू आहे आणि पाव फेऱ्याला एक 'क्लिक'. उंचीचा एक क्लिक म्हणजे २५ मीटरवर सुमारे ०.९ सेंटीमीटर. डावं-उजवं रिअर साइटवर, तिथे एक क्लिक म्हणजे सुमारे ०.३ सेंटीमीटर.

दिशा इथे सगळ्यांना चकवते. गोळी वर न्यायची असेल तर खुंटी खाली घालायची. कारण खुंटी बुटकी झाली की टिप पुन्हा लक्ष्यावर आणायला तुम्हाला नळी उचलावी लागते. रिअर साइटचं उलटं, गोळी उजवीकडे हवी तर भोक उजवीकडे. थकलेल्या माणसाकडून ही उलटसुलट लक्षात ठेवण्याची अपेक्षा करणं म्हणजे चुकांना आमंत्रण. म्हणून फ्रंट साइटच्या बुडाशी एक बाण कोरलाय आणि त्यावर 'अप' लिहिलंय. तो बाण खुंटी कुठे जाईल ते सांगत नाही, गोळी कुठे जाईल ते सांगतो. ज्यानं हे ठरवलं त्याला मी माझ्या प्रयोगशाळेतल्या निम्म्या सॉफ्टवेअरचं काम द्यायला तयार आहे.

मॅन्युअलचं कौतुक इथेच संपत नाही. झीरोसाठी वापरतात तो छापील कागद हा मला तर मोजमापाच्या इतिहासातला एक सुंदर तक्ता वाटतो. त्यावर चौकटी आखलेल्या असतात आणि कडेला क्लिकचे आकडे. सैनिकानं सेंटीमीटर, अंश, भागाकार काही करायचं नाही. गोळ्यांचा मध्य कुठल्या चौकटीत पडला ते बघायचं आणि कडेचा आकडा वाचून तेवढे क्लिक फिरवायचे. आणि २५ मीटरची निवडही हुशारीची. वर सांगितलेल्या दोन छेदांपैकी पहिला साधारण २५ मीटरवर आणि दुसरा ३०० मीटरवर येईल असा कोन निवडलाय. त्यामुळे ३०० मीटर लांबीचं मैदान नसलं तरी ३०० मीटरचा झीरो एवढ्याशा रेंजवर बसवता येतो. दोन्ही छेद तंतोतंत जमत नाहीत म्हणून ए२ वर रिअर साइट ३०० मीटरच्या खुणेच्या एक क्लिक वर ठेवून झीरो करायचा आणि काम झालं की तो क्लिक परत खाली आणायचा. इतका बारीक विचार.

म्हणूनच पुढचा भाग वाचताना मला जास्त राग आला.

पद्धत अशी. तीन गोळ्या झाडा, एकाच ठिकाणी नेम धरून. तिन्ही भोकांचा मध्य काढा. तो केंद्रापासून जितका दूर, तितके सगळेच्या सगळे क्लिक फिरवा. पुन्हा तीन गोळ्या. पुन्हा मध्य, पुन्हा क्लिक. कधी थांबायचं? लागोपाठच्या दोन गटांतल्या सहापैकी पाच गोळ्या ४ सेंटीमीटर व्यासाच्या वर्तुळात पडल्या की रायफल झीरो झाली. हे ४ सेंटीमीटर हवेतून आलेले नाहीत. २५ चे ३०० मीटर म्हणजे बारा पट, चार बारे अठ्ठेचाळीस. उभ्या माणसाच्या आकाराचं जे लक्ष्य वापरतात त्याची रुंदी जवळपास एवढीच असते.

प्रश्न असा आहे की ही कसोटी नक्की कोणाची परीक्षा घेते. कागदावर दोन गोष्टी उमटतात. गोळ्या एकमेकींपासून किती पसरल्या, हे नेमबाजाबद्दल (आणि थोडं रायफल-गोळीबद्दल) सांगतं. त्यांचा मध्य कुठे पडला, हे साइटबद्दल सांगतं. झीरोइंगचा विषय दुसरा आहे. पण 'सहापैकी पाच वर्तुळात' हा नियम दोन्हींची खिचडी करतो.

आकडे घालून बघू. मानू की एका नवशिक्याच्या गोळ्या २५ मीटरवर आडव्या-उभ्या दोन्ही दिशांना १ सेंटीमीटर सिग्मानं पसरतात आणि प्रसामान्य वितरण पाळतात. त्याची साइट अगदी बरोबर असेल, मध्य केंद्रावर, तर एक गोळी वर्तुळात पडायची शक्यता ८६ टक्के निघते आणि सहापैकी किमान पाच पडायची ८१ टक्के. म्हणजे उत्तम झीरो असलेली रायफल शंभरातून एकोणीस वेळा नापास, आणि बिचारा क्लिक फिरवून ती बिघडवणार. आता त्याच माणसाची साइट १ सेंटीमीटर चुकवू. हा उंचीचा जवळपास एक क्लिक झाला, आणि ३०० मीटरवर १२ सेंटीमीटर. पास व्हायची शक्यता किती? ४९ टक्के. म्हणजे छापा-काटा.

याहून वाईट पुढे आहे. आता चांगला नेमबाज घ्या, सिग्मा ०.६ सेंटीमीटर. त्याचीही साइट तितकीच, १ सेंटीमीटर, चुकलेली. तो ९३ टक्के वेळा पास होतो. हात स्थिर असल्यामुळे त्याच्या सगळ्या गोळ्या केंद्रापासून ढळलेल्या, पण वर्तुळाच्या आत, गुण्यागोविंदानं पडतात. म्हणजे नेमबाज जितका चांगला तितकी ही कसोटी त्याच्या साइटबद्दल कमी बोलते. ज्याला चुकीच्या झीरोचा सगळ्यात जास्त तोटा होणार, त्यालाच ती 'ठीक आहे' म्हणून परत पाठवते. हे आकडे मी तीनदा तपासले, कारण माझा विश्वास बसेना.

मॅन्युअलची बाजू घ्यायची तर ते मध्य केंद्राजवळ आणायलाही सांगतंच, वर्तुळ ही फक्त किमान अट आहे. मान्य. पण रांगेत मागे तीस जण उभे असताना किमान अट हीच कमाल होते. परीक्षेला बसलेल्या कुणालाही विचारा.

आता तीन गोळ्यांकडे. तीन गोळ्यांचा मध्य हा खरा मध्य नाही, तो अंदाज आहे. सिग्मा १ सेंटीमीटर असेल तर तीन गोळ्यांचा मध्य खऱ्या मध्यापासून सरासरी ०.७२ सेंटीमीटर ढळलेला असतो. ३०० मीटरवर हे पावणेनऊ सेंटीमीटर. लक्षात घ्या, ही साइटची चूक नाही, हातचा पसारा आहे, पण आपण तो साइटची चूक समजून क्लिक फिरवतो. पुढच्या तीन गोळ्यांचा पसारा निराळा, पुन्हा निराळे क्लिक. नेमबाज याला झीरोच्या मागे धावणं म्हणतात.

डेमिंगचा नरसाळ्याचा प्रयोग आठवतो? ज्यांनी क्वालिटी कंट्रोलचा पेपर दिलाय त्यांना आठवेल. टेबलावर एक खूण, वर नरसाळं, त्यातून गोटी सोडायची. गोटी खुणेपासून जितकी चुकेल तितकं नरसाळं उलट दिशेला सरकवायचं आणि पुढची गोटी सोडायची. मन म्हणतं हे शहाणपणाचं आहे. प्रत्यक्षात नरसाळं अजिबात न हलवता जेवढा पसारा पडला असता त्याच्या दुप्पट व्हेरियन्स मिळतो, कारण प्रत्येक गोटीची चूक पुढच्या गोटीच्या अंगावर टाकली जाते. एकेका गोळीमागे साइट हलवणारा माणूस तंतोतंत हेच करत असतो. तीन-तीनच्या गटानं हलवलं तर वाढ कमी होते, सिग्मा सुमारे १५ टक्क्यांनी फुगतो. म्हणजे तीन गोळ्यांचा नियम अगदीच वेडा नाही, हे मला कबूल करावं लागलं. पण सरासरीतला १५ टक्के हा आकडा फसवा आहे. शंभर सैनिकांच्या गोळ्या एकत्र केल्या तर तो पसाऱ्यात मिसळून जातो. एका सैनिकाच्या रायफलीत मात्र ती चूक पसारा म्हणून राहत नाही, ती कायमची एका बाजूला बसते. त्याची प्रत्येक गोळी तेवढीच डावीकडे.

हे मला पुस्तकातून कळलं असतं तर बरं होतं. माझं काम स्वस्त सेन्सरच्या कॅलिब्रेशनवर आहे. हे सेन्सर लेसरच्या उजेडात धूलिकण मोजतात, आणि दर बुधवारी मी ते एका महागड्या, बीटा किरणांवर चालणाऱ्या संदर्भ यंत्राशेजारी नेऊन ठेवायचे. ते यंत्र तासाला एक रीडिंग देतं. तीन तास, तीन रीडिंग, फरकाची सरासरी, आणि तेवढा सगळा फरक सेन्सरमध्ये दुरुस्त. कुणी शिकवलं म्हणून नाही, सगळेच असं करतात म्हणून. तीनच का? कारण आमच्याकडे तीन हा शुभ आकडा आहे. केमिस्ट्रीवाले ट्रिप्लिकेट म्हणतात, आम्ही काहीच म्हणत नाही, नुसतं करतो. चौदा आठवड्यांनी हिशोब केला तेव्हा दिसलं की पहिल्या आठवड्यानंतर मी सेन्सरला हातच लावला नसता तर डेटा जास्त चांगला आला असता. मी दर बुधवारी नरसाळं सरकवत होते. चौदा बुधवार, रिक्षाभाडं धरून.

आणि इथे ग्रब्ज पुन्हा भेटला. १९५४ साली त्यानं यंत्रं सेट करण्याच्या सर्वोत्तम पद्धतीवर एक निबंध लिहिला होता. नियम एका ओळीचा आहे: पहिल्या मोजमापानंतर चुकीएवढी पूर्ण दुरुस्ती करा, दुसऱ्यानंतर चुकीच्या निम्मी, तिसऱ्यानंतर एक तृतीयांश, चौथ्यानंतर पाव. कारण पहिल्या वेळी तुमच्याकडे दुसरा पुरावाच नसतो. दुसऱ्या वेळी तुमची सध्याची जागा आधीच एका मोजमापावर उभी असते, तर नव्याला तिच्याइतकंच वजन द्यायचं, जास्त नाही. तिसऱ्या वेळी जुनी दोन विरुद्ध नवं एक. गंमत म्हणजे हे केल्यावर प्रत्येक टप्प्याला साइट बरोबर तिथे येते जिथे आतापर्यंतच्या सगळ्या गोळ्यांची सरासरी तिला नेईल. काही लिहून ठेवायला नको, जुने कागद जपायला नकोत.

मॅन्युअलची पद्धत दर वेळी पूर्ण दुरुस्ती करते. म्हणजे तिसऱ्या गटानंतरची साइट फक्त शेवटच्या तीन गोळ्यांवर उभी असते; आधीच्या सहा गोळ्या झाडल्या, मोजल्या आणि फेकून दिल्या. तीन गटांनंतर मॅन्युअलच्या पद्धतीत साइट सरासरी ०.७२ सेंटीमीटर चुकलेली राहते, ग्रब्जच्या पद्धतीत ०.४२. ३०० मीटरवर पावणेनऊ विरुद्ध पाच सेंटीमीटर. गोळ्या तेवढ्याच, वेळ तेवढाच, कागद तोच. फक्त कडेच्या आकड्याला दुसऱ्या वेळी दोननं आणि तिसऱ्या वेळी तीननं भागायचं. १९५४ चा निबंध, तोही त्याच लष्कराच्या प्रयोगशाळेतल्या माणसाचा, आणि २००८ च्या मॅन्युअलच्या या पद्धतीत त्याचा मागमूस नाही. घरचा वैद्य, आणि घरचेच आजारी.

फटकून पडलेल्या गोळीबद्दलही थोडं. नेमबाज तिला 'फ्लायर' म्हणतात. दोन गोळ्या चिकटून, तिसरी लांब. मग ती फ्लायर म्हणून सोडून द्यायची आणि दोघींचा मध्य धरायचा. मॅन्युअलपेक्षा हा रेंजवरचा रिवाज जास्त, पण तीन गोळ्यांचा गट म्हटला की तो मागोमाग येतोच. आपल्याकडे ग्रब्ज टेस्ट आहे, लावून बघू. एका दिशेतली तीन अंतरं घेऊन ५ टक्क्यांच्या पातळीवर तिसरी टाकायची परवानगी हवी असेल, तर चिकटलेल्या दोघींमधलं अंतर एकूण पसाऱ्याच्या साधारण ६ टक्क्यांहून कमी असावं लागतं. तिसरी गोळी ५ सेंटीमीटर लांब पडली असेल तर पहिल्या दोघींमध्ये ३ मिलिमीटरपेक्षा कमी अंतर हवं. रायफलीचं कॅलिबरच ५.५६ मिलिमीटर आहे. म्हणजे दोन्ही गोळ्या एकमेकींच्या भोकातून गेल्या तरच तिसरीला फ्लायर म्हणायचा तुम्हाला संख्याशास्त्रीय हक्क. एरवी 'दोन जवळ, एक लांब' ही तीन गोळ्यांची अगदी रोजची ठेवण आहे. कुठलेही तीन यदृच्छ बिंदू टाका, बऱ्याचदा तशीच पडेल.

एक फ्लायर मात्र खरा असतो. आमचे उस्ताद गोळी सुटल्याबरोबर, कागद बघायच्या आधी विचारायचे, "कहाँ गई?" आपण सांगायचं, "उस्ताद, दाएं खिंच गई." ते वहीत लिहायचे. कागद आल्यावर गोळी खरंच उजवीकडे असली तर ती गटातून वगळायची. न बघता, आधी सांगितलेलं कारण. माझ्या वहीत आता तसा एक रकाना आहे: रीडिंग बघण्याआधी जाणवलेली गडबड. पंखा चालू होता, कुणीतरी खाली कचरा जाळत होतं. बघितल्यानंतर सुचलेली कारणं त्या रकान्यात लिहायला मनाई आहे. (त्या रायफली कॅम्पच्या सामायिक होत्या, त्यामुळे आम्ही कधी कुठलीच झीरो केली नाही. "ये दाएं मारती है, बाएं पकड़ो", एवढाच झीरो.)

इथवर लिहून मी हा मसुदा माझ्या आतेभावाला वाचायला दिला. त्याची निम्मी नोकरी फौजेत गेली. त्यानं दोन वाक्यांत माझी हवा काढली. "तू रायफल मोजतेयस. नवशिक्याला झोपवलंस की पहिल्या गटाला गोळी मारणारा आणि चौथ्या गटाला मारणारा माणूस एकच नसतो गं."

बरोबर आहे त्याचं. ग्रब्जच्या नियमाच्या पोटात एक गृहीतक आहे: मोजली जाणारी वस्तू मोजेपर्यंत तशीच राहते. लेथ मशीनला ते शोभतं. नवशिका पहिल्या गटाला श्वास धरतो, दुसऱ्याला सोडतो. गाल दस्त्यावर वर-खाली टेकतो, आणि गाल हलला की डोळा हलतो, डोळा हलला की नजरेची रेषाच बदलते. ट्रिगर आधी झटक्यानं ओढतो, मग शिकतो. त्याचा मध्यच सरकत असतो. अशा वेळी पहिल्या गटाला तिसऱ्याइतकं वजन देणं म्हणजे कालच्या माणसासाठी आजची साइट लावणं. मॅन्युअलची जुनं विसरून जायची सवय इथे दोष राहत नाही. आणि तीन गोळ्यांचा गट मुळात साइटसाठी नाहीच, असंही भाऊ म्हणाला. तो प्रशिक्षकासाठी आहे. उभा पसरलेला गट दिसला की श्वास बघायचा, एका कडेला ओघळलेला दिसला की ट्रिगरचं बोट बघायचं. दर तीन गोळ्यांनी कागदापर्यंत चालत जाणं हा शिकवणीचा तास आहे. दहा-दहा गोळ्यांचे गट केले तर मध्य छान मिळेल, पण माणूस दहा गोळ्या तीच चूक घोटवून पक्की करेल.

तर माझा आक्षेप सुधारून मांडते. गट कसा येतो हे शिकवणं आणि साइट लावणं ही दोन कामं आहेत, आणि मॅन्युअल ती एकाच कागदावर, एकाच वर्तुळात, एकाच नियमानं उरकतं. पहिलं काम चालू असताना तीन गोळ्या, पूर्ण दुरुस्ती, जुनं विसरा, हे सगळं चालेल. पण ज्या क्षणी प्रशिक्षकाला वाटलं की हात आता बसला, त्या क्षणापासून माणूस बऱ्यापैकी लेथ मशीन झालेला असतो, आणि तिथून पुढे पूर्ण, निम्मी, तृतीयांश. वर्तुळाऐवजी नऊ गोळ्यांचा मध्य केंद्रापासून किती, हा एक आकडा. त्यासाठी कागदाच्या कोपऱ्यात तीन रिकाम्या चौकटी छापल्या तरी पुरे. ज्यांनी 'अप'चा बाण कोरला त्यांना हे जमणार नाही असं मला वाटत नाही.

माझ्या सेन्सरचं म्हणाल तर तोही लेथ मशीन नाही. पावसाळ्यात दमट हवेनं धूलिकण फुगतात, सेन्सर जास्त आकडा दाखवतो, लेसरवर हळूहळू धूळ बसते. तोही सरकतो, फक्त नवशिक्यापेक्षा सावकाश. नुसता ग्रब्ज वापरला तर पन्नासाव्या आठवड्याला मी पन्नासावा हिस्सा दुरुस्त करत बसेन आणि सेन्सर केव्हाच दुसरीकडे गेलेला असेल. म्हणून आता असं ठरवलंय: पूर्ण, निम्मी, तृतीयांश, पाव, पंचमांश, आणि पंचमांशाच्या खाली जायचंच नाही. एक-पंचमांश का, एक-सप्तमांश का नाही, हे मॅडम विचारणार आहेत आणि त्याचं उत्तर अजून माझ्याकडे नाही. या बुधवारी तिसरं मोजमाप आहे. फरक ६ मायक्रोग्रॅम आला तर २ फिरवणार.